कुटुंबसंख्या दोन

"घरात माणसं किती?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारले.

"दोन," काचताई म्हणाली.

"तुम्ही आणि मिस्टर?"

"लग्न नाही केलं मी."

"मग दुसरं कोण? आई?"

"भाची. भावाची मुलगी."

आता बाईंनी मान वर केली. त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता आणि दर वाक्याला त्या तो बोटाने वर ढकलत होत्या. काचताईने पाहून घेतले. उजव्या काडीचा स्क्रू सैल, फ्रेम डावीकडे झुकलेली. सव्वीस वर्षे ती एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासत होती, त्या फ्रेममध्ये बसवत होती. समोर कुणी आले की तिला आधी चष्मा दिसे, मग माणूस. मालकापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला काचताईच म्हणत.

"मी आत्ताचं नाही विचारत हो," बाई म्हणाल्या. "साथीच्या वर्षी, सप्टेंबरच्या एक तारखेला घरात कोण होतं ते विचारतेय."

"मीपण तेच सांगतेय. त्या दिवशी घरात आम्ही दोघी होतो."

पाच वर्षांपूर्वी साथीमुळे सगळे बंद पडले, तेव्हा ज्यांची कमाई बुडाली त्यांना सरकारने एकरकमी मदत दिली होती. वर्षाचे उत्पन्न किती आणि घरात खाणारी तोंडे किती, त्यावर रक्कम ठरली होती. ज्यांनी तेव्हा अर्जच केला नव्हता, त्यांना आता पुन्हा संधी मिळाली होती. आधी या खिडकीवर किती मिळाले असते त्याचा अंदाज काढून घ्यायचा आणि मग अर्ज भरायचा.

"तेव्हा का नाही केलात अर्ज?"

"पोरगी होती ना घरात. वेळ कुठे होता?"

बाईंना हे कारण पटलेले दिसले. त्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या. चार महिने पूर्ण पगार, अकरा हजारांनी. तीन महिने अर्धा. उरलेले पाच महिने दुकानाला कुलूप.

"चव्वेचाळीस आणि साडेसोळा. साठ हजार पाचशे." बाईंनी जीभ टाळूला लावून च्च केले. "पाचशेनं घात केला की हो तुमचा! एकट्या माणसाला साठ हजारांच्या आत पूर्ण मदत. वर गेलं की पाऊण. एकटीच्या हिशेबानं चार हजार आठशे होतात."

"आणि दोघींच्या?"

"दोघींना मर्यादा ऐंशी हजार, म्हणजे पूर्ण मिळतात. चौसष्टशे तुमचे, सत्तावीसशे दुसऱ्या माणसाचे. नऊ हजार शंभर."

"मग दोन लिहा."

"माझं काय जातंय, मी वीस लिहीन. पण यादीत बसायला हवं ना." बाईंनी मुलीची जन्मतारीख आणि तिच्या वडलांचा नंबर विचारून पडद्यावर शोध घेतला. चष्मा पुन्हा घसरला, या वेळी थेट कागदांवर पडला.

"द्या इकडे," काचताई म्हणाली. पर्समध्ये तिचा बोटभर पेचकस कायम असे. तिने स्क्रू आवळला, अंगठ्याने फ्रेम हलकेच सरळ केली, पदराने काचा पुसून चष्मा परत दिला. बाईंनी तो घातला, मान हलवून पाहिली, आणि मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "ताई, ही मुलगी तुमच्या भावानं दाखवलीय. कुटुंबसंख्या पाच. पैसे घेऊनही झालेत. एक माणूस दोन घरांत कसं धरायचं?"

"पण ती होती माझ्याकडे."

"असेल हो. मी कुठं नाही म्हणतेय? मग असं करा." त्यांनी खणातून एक कागद काढला. "भावाची नाहीतर भावजयीची यावर सही आणा. सत्तावीसशे त्यांच्याकडून वळते होतील, तुमच्याकडे येतील. घरातल्या घरात आहे, जरा सांभाळून घ्या. एवढ्याशा पैशावरून माणसं बोलायची बंद होतात. मी रोज बघते."

"पैशांचा प्रश्नच नाही," काचताई म्हणाली.

बाईंनी हे वाक्यही रोज ऐकलेले असावे. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

पण पैशांचा प्रश्न खरेच नव्हता.

साथीच्या वर्षी मार्चमध्ये भाऊ मुलीला तिच्या दारात सोडून गेला तेव्हा म्हणाला होता, "ताई, पंधरा दिवस बघ." तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या बायकोच्या पोटात जुळी, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचे नाही असे बजावलेले. पंधरा दिवसांत सगळे बंद झाले. मग जुळी दिवस भरण्याआधीच जन्मली, काचेच्या पेटीत राहिली, घरी आल्यावर त्यांच्या जवळ बाहेरच्या कुणी फिरकायचे नाही असे ठरले. मुलगी काचताईकडेच राहिली. साडेसहा वर्षांची होती. एका जागी बसणे तिला ठाऊक नव्हते. काचताईने तिचे नाव भिंगरी ठेवले. "भिंगं घासणारीच्या घरात भिंगरी," असे ती स्वतःच म्हणे आणि स्वतःच हसे.

शाळा बंद होत्या. दुकानातला डोळे तपासायचा जुना अक्षरांचा तक्ता काचताईने घरी आणून भिंतीला लावला आणि भिंगरी त्यावरून वाचायला शिकली. आधी सगळ्यांत वरची मोठी अक्षरे, मग हळूहळू खालच्या ओळी. शेवटची बारीक ओळ वाचता आली त्या दिवशी पोरीने सगळ्या चाळीला ओरडून सांगितले होते.

पुढच्या फेब्रुवारीत भावजय तिला न्यायला आली. कडेवर एक, भावाच्या कडेवर एक. काचताईने मुलीचे कपडे घड्या घालून ठेवले होते, वेणी घालून दिली होती. आई दारात दिसली आणि भिंगरी जी सुटली ती थेट तिच्या कमरेला जाऊन चिकटली. जिना उतरताना तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. साडेसात वर्षांच्या पोरीने का पाहावे? काचताईला हे कळत होते. कळूनही गेल्या चार वर्षांत असा एक आठवडा गेला नव्हता की तो जिना तिला आठवला नाही.

तेव्हापासून तिच्या पोटात दुखायला लागले होते, आणि कशाकशावरून दुखेल याचा नेम नव्हता. भिंगरीची हनुवटी हुबेहूब काचताईसारखी होती. भावजय येईल त्याला सांगे, "माझ्या मावशीवर गेलीय." भिंगरी शाळेत वाचनात पहिली आली. भावजय म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यापासून वाचायची आवड." महिनाभरापूर्वी जुळ्यांच्या वाढदिवसाला काचताई गेली, तर भिंगरीच्या डोळ्यांवर चष्मा. नवा. मोठ्या बाजारातल्या चकचकीत दुकानातला.

"एकावर एक फुकट होता, ताई," भावजय घाईघाईने म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

काचताईने भिंगरीला उजेडाकडे तोंड करून उभे केले. काचेचा मध्य बुबुळासमोर यायला हवा, तो चांगला तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर होता. असले काम तिने स्वतः केले असते तर मालकाने तिला उभी केली नसती. ती काहीच बोलली नाही. केक खाल्ला. त्याच संध्याकाळी भावजय शेजारणीला सांगत असलेले तिच्या कानावर पडले, "साथीच्या वर्षी आम्ही काय काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. नवरा बाहेर अडकलेला आणि पदरात तीन तीन लेकरं!"

तीन. काचताईच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आपटला. मदतीची पुन्हा संधी आल्याची बातमी तिने त्याच आठवड्यात दुकानात ऐकली.

रविवारी दुपारी ती कागद घेऊन भावाच्या घरी गेली. भाऊ फेरीवर होता. जुळी आतल्या खोलीत पंख्याखाली झोपली होती. भावजय टेबलावर घोंगडी पसरून शाळेच्या गणवेशांना इस्त्री करत होती.

"या ताई. न सांगता आलात?"

"सांगून यायला मी काय पाहुणी आहे?"

सुरुवातच अशी झाली. भावजयीने चहा टाकला, दोघींनी उन्हाळ्याबद्दल दोन वाक्ये बोलून घेतली, आणि मग काचताईने कागद टेबलावर ठेवला. भावजयीने इस्त्री उभी करून ठेवली आणि उभ्याउभ्याच तो वाचला. पुन्हा वाचला.

"पैशांची अडचण आहे का, ताई? तसं सांगा ना. हे आले की मी लगेच..."

"मला पैसे नकोत. तुमचे सत्तावीसशे वळते झाले की मी तुझ्या हातावर आणून ठेवते. वर शंभर घाल म्हणालीस तर तेही घालते."

"मग हे कशाला?"

"पोरगी त्या वर्षी माझ्या घरात होती. तसं कुठेतरी लिहिलेलं असू दे."

"सगळ्यांना माहीतच आहे की."

"कुणाला माहीत आहे? तू तर चारचौघांत सांगतेस, पदरात तीन लेकरं होती म्हणून. दोन होती. तिसरं माझ्या पदरात होतं."

भावजयीचा चेहरा लाल झाला. तिने इस्त्रीचे बटण बंद केले. "म्हणजे तुम्ही ऐकलंत तर."

"मला चष्मा लागला नाही अजून, आणि कानही शाबूत आहेत."

"मग नीट ऐका." भावजयीचा आवाज खाली आला, आत मुले झोपली होती. "ही ओळ वाचलीत? 'वरील व्यक्ती माझ्या कुटुंबात राहत नव्हती.' यावर मी सही करू? माझी पोरगी माझ्या कुटुंबात नव्हती म्हणून? मी चार महिने छताकडे बघत पडले होते, ताई. फोनवर तुम्ही तिला बोलायला लावायचात आणि ती म्हणायची, 'आत्या बोलावतेय, जाते.' फोन ठेवून द्यायची. घरी आणली तर महिनाभर मला चुकून आत्या म्हणायची. वेणी घातली की म्हणायची, आत्यासारखी घाल. मी घालायचे. तिला पसंत पडायची नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे, तुम्हाला काय सांगू?"

खरे सांगायचे तर काचताईला आत कुठेतरी बरे वाटले. महिनाभर! एक महिना तरी पोरीने नाव घेतले होते आपले. आणि ते आजवर कुणी आपल्याला सांगितले नव्हते. ते बरे वाटणे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने चहाचा कप तोंडाला लावला.

"म्हणून चष्मा दुसरीकडे केलास?" तिने कपामागून विचारले.

भावजयीने एका गणवेशाची घडी घातली. मग म्हणाली, "हो. तुमच्या दुकानात आणली असती तर पुन्हा तुम्ही आणि ती, तो तक्ता, ती अक्षरं... मी बाकावर बसून बघत राहिले असते."

तेवढ्यात दार उघडले आणि भिंगरी आली. बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची, लांब पायांची, पाठीवर दप्तर. कसल्यातरी शिकवणीहून आली होती. "आत्या!" ती म्हणाली, दप्तर खुर्चीवर टाकून थेट माठाकडे गेली. पाणी पिता पिता तिने टेबलावरचा कागद पाहिला. अक्षर दिसले की वाचायचेच, ही सवय तिला कुणी लावली ते काचताईला ठाऊक होते.

"हे काय? माझं नाव का आहे यात?"

काचताई म्हणाली, "अगं, तू साथीच्या वर्षी माझ्याकडे होतीस ना, त्याचं काहीतरी आहे."

"हां, हां. ते होय." भिंगरीने ओठ पुसले. "मी किती होते गं तुझ्याकडे? महिनाभर ना?"

पंखा फिरत होता. आतल्या खोलीत एका जुळ्याने कूस बदलली.

"तेवढंच असेल," काचताई म्हणाली.

"मला ना, फारसं काही आठवत नाही. तुझ्या घरात कसला तरी दगडासारखा वास यायचा ते आठवतं. आणि तो अक्षरांचा तक्ता. तो तुझ्याकडे होता, की शाळेत?"

"शाळेत असेल."

"अकरा महिने," भावजय म्हणाली.

ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. "अकरा महिने आणि नऊ दिवस होतीस आत्याकडे. तक्तापण तिथलाच. आत्यानंच तुला वाचायला शिकवलं."

"अकरा महिने? खरंच?" भिंगरी म्हणाली. तिला थोडे आश्चर्य वाटले, पण त्याहून जास्त भूक लागली होती. ती डब्यातले काहीतरी हातात घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज दोन मजले ऐकू येत राहिला.

काचताई भावजयीच्या पाठीकडे पाहत होती. तिने स्वतः ते दिवस मोजले होते, पुन्हा पुन्हा मोजले होते, आणि इतकी वर्षे तिला वाटत होते की असा हिशेब ठेवणारे जगात आपण एकटेच.

"नऊ दिवस तुला कसे माहीत?" तिने विचारले.

"रोज खोडायचे कॅलेंडरवर. दुसरं काय काम होतं मला?"

भावजय टेबलापाशी आली, गणवेश बाजूला सारला, खुर्ची ओढून बसली. भिंगरीच्या दप्तरातून तिने पेन काढले. मुलीचे नाव लिहिले. काचताईचा पत्ता न विचारता लिहिला. कालावधीच्या खान्यात अकरा महिने नऊ दिवस असे अक्षरांत लिहिले, ठसठशीत. मग ती छापील ओळीशी आली, जिच्याखाली सही करायची होती. पेनाचे टोक कागदाला टेकले आणि तिथेच राहिले. कागदावर शाईचा एक ठिपका पसरायला लागला.

काचताईने हात पुढे करून पेन तिच्या बोटांतून सोडवून घेतले. टोपण लावले.

"राहू दे," ती म्हणाली.

"नको ताई, करते मी. खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणून काय झालं? राहू दे म्हटलं ना."

ती हे मोठ्या मनाने म्हणाली असे नाही. त्या क्षणी तिला इतकेच कळले की सही मिळाली तरी चार वर्षांनी मागे वळून पाहणारी पोरगी त्या कागदातून निघणार नाही. त्यापुढच्या सोमवारी तिने खिडकीवर एकटीचा अर्ज भरला. बाईंनी काही विचारले नाही. महिन्याभराने चार हजार आठशे जमा झाले आणि ते औषधपाणी, गळका नळ अशा कशात तरी गेले. नंतरच्या रविवारी भिंगरी आपला चष्मा घेऊन दुकानात आली. आई बाहेर रस्त्यावर थांबली होती. काचताईने काचा बदलल्या आणि मालकाला सांगून भावजयीला आत बोलावून घेतले.

पण हे सगळे पुढचे. त्या दुपारी दोघी टेबलाशी बसून राहिल्या. चहा गार झाला होता. भावजयीने कागद चार घड्या करून बशीखाली सरकवला.

"ताई," ती म्हणाली, "तिचे दात कुठले पडले होते हो तुमच्याकडे? घरी आली तेव्हा समोरचे नवे आले होते. मला पडलेले बघायलाच मिळाले नाहीत."

काचताईला आधी सांगू नये असे वाटले. हे तिचे होते. त्यातले काही कुणाकडे वळते होणार नव्हते. पण भावजय तिच्याकडे बघत होती, दुकानाच्या बाकावर नंबर काढायला आलेली माणसे तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे बघतात तशी.

"वरचे दोन," काचताई म्हणाली. "एक दात घासताना. दुसरा मीच काढला, दोऱ्यानं. रडली नाही. मला म्हणाली, आता माझी शिट्टी वाजते, आणि दिवसभर वाजवत बसली."

भावजय हसली. "आणखी?"

मग काचताईने सांगितले. एकेक करून, हात आखडत. झोपेत पाय अंगावर टाकायची ते सांगितले. काचा घासायच्या यंत्राचा आवाज तोंडाने काढायची ते सांगितले. घरमालकीण भाडे मागायला आली तेव्हा पोरीने दारातच सांगितले होते, आत्या घरी नाही असं आत्या म्हणतेय, ते सांगितले. भावजय पदर तोंडाला लावून हसली, मग डोळ्यांना लावला. इस्त्री केव्हाच गार झाली होती.

"कधी आजारी पडली का हो? फोनवर तुम्ही कधी बोलला नाहीत."

"एकदा ताप आला होता. दोन दिवस. तू आधीच पडून होतीस, म्हणून सांगितलं नाही."

"माझी आठवण काढली असेल."

"काढली की," काचताई म्हणाली. "सारखी आई आई करत होती."

भावजयीने मान हलवली. तिचे समाधान झालेले दिसले, आणि काचताईने उठून कप उचलले, मोरीत नेऊन विसळायला घेतले.

ते खरेच होते. आजारपणातल्या एका दुपारी अंगात ताप फणफणत असताना, डोळे मिटलेलेच, पोरीने आई म्हणून हाक मारली होती. पुन्हा मारली होती. कपाळावर ओली पट्टी धरून बसलेल्या काचताईने दोनदा तिकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा तिने एकदा बंद दाराकडे पाहिले, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ओ."

मग पोरीला झोप लागली.